पिनेच्या खुणेखालची काजळी

रेंजवर प्रेक्षकांसाठी चार प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. त्यांतल्या एकीवरही मी कधी दहा मिनिटांच्या वर बसलेले नाही. माझी भाची, म्हणजे टिटवाळ्याच्या माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, पालथी पडून पन्नास मीटरवरच्या टार्गेटवर पॉइंट टू-टू रायफलीने साठ गोळ्या मारते. त्याला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात बोलायचं नाही, फोन वाजू द्यायचा नाही, मागून येरझारा घातलेल्याही तिला आवडत नाहीत. बसून करायचं काय? म्हणून मी तिची फेरी संपली की मॅटवरच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायला लागले.

पुंगळी म्हणजे काडतूस उडाल्यावर मागे उरते ती पितळेची नळी. पॉइंट टू-टूची पुंगळी करंगळीच्या पेराहूनही लहान असते. रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागची सरकती दांडी, मागे ओढला की ती उडी मारून उजवीकडे पडते. एकूण एक पुंगळी क्लबला परत द्यावी लागते, घरी नेता येत नाही. कुणाला न्यायचीही नसते. सगळ्यांचे डोळे स्कोपला लावलेले, टार्गेटवरच्या भोकांकडे. माझं आयुष्य पितळ तपासण्यात गेलंय. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं तपासणीचं काम करते. शेगडीच्या नॉबमागचे भाग, नळाच्या आतल्या चकत्या, असलं सगळं पितळी काम. माझ्या पर्समध्ये भिंग असतं. हातात पितळ आलं की मी ते उजेडाकडे धरते, ती सवयच आहे.

रेंज मोहन्याच्या पुढे, टेकडीला पाठ लावून आहे. जमीन क्लबच्या सेक्रेटरींच्या घरची. त्यांचे आजोबा तिथे भात लावायचे. रायफलींची देखभाल आणि मुलांना शिकवणं एक निवृत्त पोलीस हवालदार बघतात. नोकरीत असताना ते शस्त्रागारात होते, त्यामुळे सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मीही म्हणते.

पहिल्यांदा त्यांनी मला भिंग लावलेलं पाहिलं तेव्हा हसले.

"मॅडम, भंगारात काय बघताय? पोरगी तिकडं आहे."

"पोरगी दिसतेय मला. हे काळं कशाने लागतं ते सांगा."

ते उकिडवे बसले. हत्याराबद्दल कुणी विचारलं की उस्तादांना गुडघेदुखी आठवत नाही.

"गोळी सुटते तेव्हा आत दाब होतो. त्या दाबाने पितळ फुगतं आणि चेंबरच्या भिंतीला चिकटून बसतं. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा. एकदा चिकटलं की मागे धूर येत नाही. पण फुगायला जरा वेळ लागतो ना, डोळ्याची पापणी हलायच्या आत, तेवढ्यात जो धूर तोंडाकडून मागे सरकतो त्याची ही काजळी."

"म्हणजे कुकरची रिंग. वाफ नीट भरेपर्यंत थोडी फुसफुसते, मग बसते."

"तसंच समजा."

पुढचे कितीतरी रविवार मी तेवढ्यावरच घालवले. चांगल्या पुंगळीवर काजळी तोंडाजवळ असते, साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत, आणि सगळ्या बाजूंनी सारखी. हवा दमट असली, काडतूस सौम्य असलं तर थोडी खाली उतरते. ते चालतं. पण ती बुडाच्या कडेपर्यंत पोचली तर काहीतरी बसलेलं नाही. दारू कमी पडली असेल, पितळ कडक असेल, नाहीतर चेंबरची भिंत सरळ नसेल. यातलं नेमकं काय, हे एका पुंगळीवरून सांगता येत नाही. कारखान्यातही एका नगावरून मी कधी कुणाला दोषी ठरवलेलं नाही. रेंजवर मात्र एकदा ठरवलं. ते पुढे येईलच.

दिवाळीनंतर भाचीचे गुण घसरायला लागले.

घसरण विचित्र होती. नऊ गोळ्या अशा जायच्या की वर रुपयाचं नाणं ठेवलं तर झाकल्या जातील. दहावी कुठेतरी बाजूला. कधी डावीकडे, कधी वर. हात थरथरत असता तर सगळ्याच पसरल्या असत्या. राज्य स्पर्धेसाठी क्लबची निवड डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होती आणि मुलींमध्ये जागा एकच. माझ्या बहिणीने तिला आधीच बजावून ठेवलं होतं : या वेळी निवड झाली तर पुढे खेळ, नाहीतर बास. बी.कॉम. होऊन सहा महिने झालेत, कल्याणला काकांच्या ऑफिसात जागा आहे, जानेवारीपासून तिथे बसायचं. काकांच्या ऑफिसला रविवारीच काम जास्त असतं, आणि रेंजही रविवारीच उघडी असते. म्हणजे बास म्हणजे बासच.

प्रत्येकाने आपापलं निदान केलं. उस्ताद म्हणाले, श्वास चुकतोय. सेक्रेटरी म्हणाले, टेन्शन घेते पोरगी. बहिणीने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. भाचीचं निदान सगळ्यांत वाईट होतं.

"मावशी, माझा हात गेलाय."

"हात कुठे जातो? खांद्यालाच आहे."

"तुला सगळं मशीन वाटतं."

"मशीनच असतं. बोल, काय वेगळं करतेयस?"

"काहीच नाही गं! तेच तर!"

मग ती वेगळं करायला लागली. रायफल दंडाशी आवळायचा पट्टा एक भोक घट्ट केला, कोपर आत घेतलं, गाल थोडा पुढे टेकवला. गोळी डावीकडे गेली की पुढची उजवीकडे धरायची. मी मागे उभी राहून हे बघायचे आणि माझे तळवे खाजायचे. कारखान्यात एखाद्या कारागिराने माल बिघडतोय म्हणून एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या असत्या तर मी मशीन बंद केलं असतं. इथे मला कोण विचारतं?

अशाच एका रविवारी तिच्या पुंगळ्या हातात घेतल्या आणि काजळी दिसली. जीभ बाहेर काढल्यासारखी, एका बाजूने थेट बुडापर्यंत उतरलेली. बाकी तीन बाजूंना नेहमीसारखी. मी तिच्या पुंगळ्यांच्या डब्यात हात घालून अजून वीसेक काढल्या. त्यांतल्या बहुतेकींना तशीच जीभ. कुणाची ठळक, कुणाची फिकट. मॅटवर जशा घरंगळल्या तशा त्या माझ्या तळहातावर पडल्या होत्या, कुणाची जीभ इकडे, कुणाची तिकडे. मी ठरवून टाकलं की पितळच खराब आहे. एका बाजूला पातळ, एका बाजूला जाड, त्यामुळे सारखं फुगत नाही.

सेक्रेटरींकडे गेले. "हा काडतुसांचा डबा बाद करा. काडतुसं खराब आहेत."

"मॅडम, ह्याच डब्यातली बाकी पोरं मारतायत की."

"त्यांच्या पुंगळ्या बघितल्यात तुम्ही?"

"मी पुंगळ्या बघत नाय. मी टार्गेट बघतो."

पण माणूस भला. माझ्या आग्रहाखातर दुसऱ्या खेपेचा डबा फोडला. भाचीने त्यातल्या वीस मारल्या. अठरा जागेवर, दोन पळाल्या. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ही त्यांची सभ्यता. भाचीने बघितलं. तिच्या नजरेत स्पष्ट होतं, आता तरी मान्य कर.

आठवडाभर मला कामात चैन पडेना. घरी भाजी चिरताना हात थांबायचा. काडतूस बदललं तरी जीभ तशीच. म्हणजे पितळ निर्दोष. मग मी आधी बघितलं काय? आणि गुरुवारी, कारखान्यात एका मुलीला नळाच्या चकत्या तपासताना मी ओरडले, "अगं, सगळ्यांची खूण एका दिशेला करून मग बघ, नाहीतर चरा फिरतोय की जागेवर आहे हे कळणार कसं?" ओरडले आणि माझं मलाच ऐकू आलं. ती मुलगी घाबरली, तिला वाटलं अजून काहीतरी चुकलं.

पुंगळीला खूण असते. पॉइंट टू-टूमध्ये ट्रिगर दाबल्यावर सुटणारी पिन बुडाच्या मधोमध आपटत नाही, कडेवर आपटते. तिथे बारीकसा खळगा पडतो. रायफलीत पिन कायम एकाच जागी असते, त्यामुळे काडतूस चेंबरमध्ये कसं बसलं होतं, वरची बाजू कुठली होती, हे तो खळगा सांगतो. मी तो विचारातच घेतला नव्हता. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट.

रविवारी मी खोक्याचा नालीदार पुठ्ठा घेऊन गेले. त्या नाल्यांत पुंगळ्या अंगठ्याने ढकलून ओळीत बसवल्या. प्रत्येकीचा खळगा वर. पस्तीस पुंगळ्या, तीन ओळी. आणि पस्तीसच्या पस्तीस जिभा वर आल्या, बरोबर खळग्याखाली. भिंगातून आणखी एक दिसलं : काजळीच्या मधून गेलेला केसाएवढा चरा. काजळी त्या चऱ्यातूनच खाली वाहिली होती. मग त्याच डब्यातली काडतुसं क्लबच्या दुसऱ्या रायफलीतून मारून घेतली. त्या पुंगळ्यांवर काजळी गोल, सारखी, तिसऱ्या हिश्शापर्यंत.

काडतूस नाही. हातही नाही. चेंबर.

भाची पाणी पीत होती. मी विचारलं, "बोल्ट लावताना अडकतं का गं?"

"थोडंसं."

"कधीपासून?"

"माहीत नाही. मला वाटलं माझ्याच हातात जोर राहिला नाही."

"आणि हे सांगायचं नाही कुणाला?"

"काय सांगू? हात गेलाय म्हणून सांगितलंच होतं ना!"

उस्तादांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन पुढे ढकलत आलेत. त्यांनी बोल्ट काढून दिला, मी टॉर्च लावून चेंबरच्या तोंडाशी बघितलं. वरच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा चकचकीत खड्डा होता आणि खड्ड्यातलं लोखंड आतल्या बाजूला सरकून त्याची नखाला लागेल एवढी धार झाली होती. आत जाणारं प्रत्येक काडतूस त्या धारेवर घासत होतं. पितळावर चरा पडायचा, आणि त्याआधी पुढचं मऊ शिसंही खरवडलं जायचं, कधी कमी, कधी जास्त. जास्त खरवडलं की गोळी भरकटली. उस्तादांनी नख फिरवून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पिन आपटलीय," ते म्हणाले. "आत काडतूस नसताना. खूपदा."

रिकाम्या रायफलीचा ट्रिगर दाबला की पिनेला थांबायला मध्ये काही नसतं. नव्या रायफलींत ती आधीच अडते. ही जुनी आहे, हिच्यात ती सरळ चेंबरच्या कडेवर आदळते. क्लबमध्ये प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतात, हिचा ट्रिगर रिकामा दाबायचा नाही, दाबायचाच असेल तर आत एक वापरलेली पुंगळी ठेवा. मग कोणी दाबला? मी उस्तादांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. आणि मला खंडेनवमी आठवली.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात मशीनांची पूजा होते. हळद-कुंकू, झेंडूचं तोरण, नारळ. आणि पूजा झाली की प्रत्येक मशीन एकदा चालू करायचं. पूजलेलं यंत्र गप्प ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ऑक्टोबरमध्ये रेंजवर शस्त्रपूजा होती, मी पेढे घेऊन गेले होते. पांढऱ्या चादरीवर रायफली मांडलेल्या, सभासदांच्या घरची माणसं, मुलं, सगळी तीस-पस्तीस जण. आरती झाली आणि मीच म्हणाले, "आमच्याकडे पूजेनंतर एकदा चालवतात. सगळ्यांनी एकेकदा ट्रिगर दाबा, म्हणजे पूजा पुरी झाली." त्यासाठी निवडली ती हीच, भाची मारते ती रायफल : सर्वांत जुनी, म्हणून हिलाच मान.

उस्ताद पुढे आले होते. त्यांच्या हातात एक वापरलेली पुंगळी होती.

"थांबा, आधी ही आत घालतो."

तेव्हा सेक्रेटरींच्या आई खुर्चीतून म्हणाल्या, "अरे, उष्टा कनाला घालतस रं पूजेच्या बंदुकीन?"

वापरलेली, काळी पडलेली पुंगळी. म्हाताऱ्या बाईंना ती उष्टी वाटली. देवापुढच्या हत्यारात उष्टं घालायचं? दोन-तीन बायकांनी माना डोलावल्या. उस्ताद थबकले, त्यांना त्या माऊलीला उलट बोलवेना. मला उष्टं-सोवळं काही कळत नाही आणि पटतही नाही. मी एका वाक्यात ते मोडून काढू शकले असते. पण दीड वाजला होता, तीन वाजता डोंबिवलीला माझ्या घरी गॅसवाला यायचा होता, आणि उभं राहून पाय दुखत होते. मी म्हणाले, "राहू द्या हो उस्ताद. दोन-चार खटक्यांनी काय होतंय? उरकून घ्या."

दोन-चार कसले. एकेकाने तीन-तीनदा दाबला. मुलांनी रांग लावून दोन फेऱ्या केल्या. मीही दाबला.

हे सगळं मला टॉर्च हातात धरलेली असताना आठवलं.  टॉर्च बंद करून मी म्हणाले, "माझ्यामुळे झालं."

"हत्यार माझ्या ताब्यात होतं," ते म्हणाले. "मी नाही म्हणायला पाहिजे होतं."

"तुम्ही म्हणत होता. मी गप्प केलं."

सेक्रेटरींना बोलावलं. त्यांनी टॉर्च लावून बघितलं, मान हलवली आणि लगेच पुढचा हिशोब सुरू केला. परवानाधारक कारागिराकडे पाठवायची, कागदपत्रं, महिना-दोन महिने. क्लबचं नाव खराब. शस्त्रपूजेत पोरांच्या हातात रायफल दिली हे वर कळलं तर आणखी प्रश्न.

"मॅडम, गप पाठवून देऊ या. निवड पुढच्या रविवारी आहे ती होऊन जाऊ दे. पोरगी लहान आहे, पुढच्या वर्षी आहेच की ती."

"पुढच्या वर्षी ती नाही. तिची आई बंद करणार आहे."

"मग काय करू, सांगा. तुमच्यासाठी निवड पुढे ढकलू? दुसरी मुलगी पण मेहनत करते ना?"

ते बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे याचाच मला राग आला. मी म्हणाले, "निवड त्याच दिवशी घ्या. तिला फक्त दुसरी रायफल मिळवून द्या. आणि काय झालं ते मी लिहून देते, माझ्या सहीने. तुमच्या आईंचं नाव त्यात येणार नाही."

"आईचा काय संबंध?" ते गोंधळले. त्यांना ते वाक्य आठवतच नव्हतं. मी विषय सोडला.

मग भाचीला सांगायचं होतं. ती शेडबाहेर उन्हात मॅट झटकत होती. मी सरळ सांगितलं, खड्डा, धार, खंडेनवमी, माझं वाक्य. तिने मॅट खाली टाकली.

"तीन आठवडे मी झोपले नाहीये, मावशी."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे? मी पट्टा बदलला, कोपर बदललं, गाल बदलला. आता मला माझी जुनी पोझिशन आठवतसुद्धा नाही. आणि तू पेढे वाटत होतीस!"

"हो."

"हो काय? काहीतरी बोल ना!"

मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, ठेव तुझ्याकडे. मग तिने मॅट उचलली, पुन्हा झटकली आणि माझ्या अंगावर सगळी धूळ उडवली. ते मुद्दाम होतं.

ठाण्याच्या एका क्लबने रायफल दिली, कागदपत्रं करून, त्यांचा माणूस सोबत. ती शनिवारी दुपारी आली. सेक्रेटरींनी तेवढ्यासाठी रेंज उघडली आणि भाचीला सरावाला एक तास मिळाला. नव्या रायफलीला दोष नव्हता, तिच्या पुंगळ्या मी बघितल्या, काजळी गोल. तरी गोळ्या जागेवर जात नव्हत्या. तीन आठवडे एका वाकड्या हत्याराला सांभाळून घ्यायला शिकलेली मुलगी सरळ हत्यारालाही सांभाळून घेत होती. खड्डा मला टॉर्चने सापडला होता. हे कुठल्या भिंगाने दिसणार?

रविवारी निवड झाली. मी मागे उभी होते. पहिल्या दहा गोळ्या वाईट गेल्या. दुसऱ्या दहा त्याहून वाईट. मी एक पाय बदलून दुसऱ्यावर उभी राहिले तर चप्पल वाजली, आणि तिने रायफल खाली ठेवली, मान मागे वळवली.

"मावशी, बाहेर जा. प्लीज."

मी गेले. टेकडीच्या बाजूला एक कठडा आहे, तिथे दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे. रेंजवर सहा जण एकदम मारत होते, त्यात तिचा आवाज कुठला हे कळत नव्हतं, तरी मी ओळखायचा प्रयत्न करत होते. मध्येच उस्ताद बाहेर आले, बिडी पेटवली, म्हणाले, "पट्टा सैल केला तिने. जुन्या भोकावर." आणि आत गेले. मी पुन्हा चालायला लागले.

शेवटच्या तीस गोळ्या तिच्या जुन्या गोळ्या होत्या. मी नंतर टार्गेटं बघितली. नाण्याखाली झाकल्या जातील अशा. पण पहिल्या तीस भरून निघाल्या नाहीत. दुसऱ्या मुलीची निवड झाली आणि ती योग्य होती. माझी भाची तिच्याशी हात मिळवून आली, सामान भरलं आणि मला म्हणाली, "आईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

"चल."

आम्ही टिटवाळ्याची गाडी पकडली. बहिणीचं घर स्टेशनापासून लांब, नव्या इमारतींच्या पलीकडे आहे. ती ओट्याशी मेथी निवडत होती. भाची सरळ आतल्या खोलीत गेली, दार लावलं, पण पूर्ण नाही.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. निवड झाली नाही, का झाली नाही, कुणामुळे झाली नाही. पेढ्यांपासून सगळं. बहीण मेथीची पानं तोडत राहिली. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे आणि लहानपणापासून माझं सगळं ऐकून घेते, म्हणून मला वाटलं आताही ऐकून घेईल.

"ताई, तुला कायम घाई," ती म्हणाली. "माझ्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आधी तू अक्षता टाकून मोकळी झालेलीस."

"हो. आता पुढचं बोल."

"बघ, परत घाई."

मी खाली बसले, खरोखर, तिच्या स्टुलावर. तिने एक जुडी संपवली, दुसरी घेतली.

"तिचा दोष नव्हता ना?"

"नव्हता. शेवटच्या तीस बघितल्यास तर कळेल तुला."

"मला काय कळणार त्यातलं?" तिने देठं बाजूला केली. "काकांना मी शब्द दिलाय जानेवारीचा. तो मी मोडणार नाही. मोडायचा तर तू मोड. तू जाऊन त्यांना सांग की वर्षभर रविवारी ती येणार नाही, आणि का ते पण सांग. जसं मला सांगितलंस तसं, पेढ्यांसकट."

काकांना मी ओळखते. ते दोन तास बोलतात आणि त्यातला दीड तास समोरच्याचं काय चुकलं यावर असतो.

"सांगते," मी म्हणाले.

"आणि वर्षभरच. पुढच्या डिसेंबरपर्यंत. तेव्हा नाही झालं तर तुमचं दोघींचं मी ऐकणार नाही."

आतलं दार सरकलं. भाची उंबऱ्यात आली, डोळे लाल, केस सोडलेले.

"काकांकडे कधी जाणारेस?"

"उद्या. कामावरून सुटल्यावर."

"उद्या सोमवार आहे. सोमवारी ते चिडलेले असतात. मंगळवारी जा." ती आईच्या शेजारी येऊन बसली, एक जुडी ओढून घेतली आणि पानं तोडायला लागली. मला तिने जुडी दिली नाही. थोड्या वेळाने मीच हात पुढे करून घेतली.